काचघरावरील कौलारू छप्पर : निवडीमागील शास्त्रीय विचार

प्रस्तावना :

इंग्लंडमधील अनेक मध्यमवर्गीय घरांच्या मागील अंगास काचेची एक खोली जोडलेली आढळते. तिला तेथे 'कॉन्झर्व्हेटरी' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'काचघर' हा शब्द योजला आहे. ही कल्पना मूळची उमरावांच्या उद्यानांतील. जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थ येथे १८३६ ते १८४१ या काळात भव्य काचघर उभारले व पुढे १८५१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस साकारला. दरम्यान १८४५ मध्ये काचेवरील अबकारी कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली. सामान्यांच्या परसदारी मात्र काचघर आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, पीव्हीसीच्या चौकटी व पॉलिकार्बोनेटचे पत्रे यांच्या आधारे. अशी खोली उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात शीतगृह बनते, हा तेथील रहिवाशांचा नित्याचा अनुभव आहे.

तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांनी निवृत्तीच्या बचतीतून काचघरावर कौलारू छप्पर घालण्याचे ठरविले, तेव्हा विक्रेत्याने त्यांना 'नव्वद टक्के उष्णता वाचेल' असे सांगितले. हे विधान तपासण्याच्या निमित्ताने प्रस्तुत विवेचन सुचले.

उष्णतेचा हिशेब :

एक चौरस मीटर पृष्ठभागातून, आतबाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असता, किती वॅट उष्णता निसटते हे 'यू-मूल्य' दर्शविते. जुन्या १० मिलिमीटर दुपदरी पॉलिकार्बोनेटचे यू-मूल्य ३ च्या आसपास असते, तर उत्तम उष्णतारोधक छपराचे ०.१५. छप्पर १२ चौरस मीटर व तापमानातील फरक १५ अंश धरल्यास जुन्या छपरातून ५४० वॅट, तर नव्यातून केवळ २७ वॅट उष्णता जाते. म्हणजे घट पंच्याण्णव टक्के! विक्रेता खोटे बोलत नव्हता. तो फक्त छपराविषयीच बोलत होता.

परंतु भिंतीही काचेच्याच आहेत. १८ चौरस मीटर जुन्या दुपदरी काचेचे यू-मूल्य २.८ धरले, तर तेथून ७५६ वॅट जातातच. फरशी व फटींतील वारा सोडून दिला तरी एकूण हानी १२९६ वरून ७८३ वॅटवर येते; घट चाळीस टक्क्यांची. ती लहान नव्हे. तथापि नव्वद टक्क्यांच्या अपेक्षेने पैसे मोजणाऱ्याचा हिरमोड होणार हे उघड आहे. काचा बदलून भिंतींचे यू-मूल्य १.४ वर आणल्यास आणखी ३७८ वॅट वाचतात, हा पर्याय विक्रेता सहसा सुचवीत नाही.

माझ्या मते कौलारू छपराचा खरा लाभ उन्हाळ्यातील आहे. निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे सुमारे ८०० वॅट ऊन पडते. त्यातील एक तृतीयांश जरी पारदर्शक छपरातून आत आले, तरी १२ चौरस मीटरमधून ३ किलोवॉटहून अधिक उष्णता खोलीत साठते. अपारदर्शक छप्पर ती जवळजवळ थांबविते. अर्थात त्याबरोबर प्रकाशही थांबतो, आणि काचघरामागील जेवणघर अंधारते. म्हणून छपरात एखाददुसरी झरोक्याची काच ठेवणे श्रेयस्कर.

वजन व आधार :

निवडीचा सर्वांत कळीचा मुद्दा हाच होय. पॉलिकार्बोनेटचे वजन चौरस मीटरला ३ ते ४ किलो, चार-चार मिलिमीटरच्या दुपदरी काचेचे २० किलो. खडीचा लेप दिलेली पोलादी कौले सुमारे ७ किलोंत भागतात, तर काँक्रीटची कौले ४५ किलोंच्या घरात जातात. आपल्या कोकणातील मंगलोरी कौलेही याच पंक्तीत बसतात. यात वासे, रिपा, उष्णतारोधक फोम व जिप्समचे तक्ते यांची भर पडते, शिवाय बर्फाचा भार निराळा. मूळची पीव्हीसीची चौकट पत्र्यांच्या हिशेबाने उभारलेली असते. म्हणून जुन्या काचघरासाठी हलकी कौलेच विचारात घ्यावीत, आणि तत्पूर्वी कोपऱ्यांतील खांबांत धातूचा गाभा आहे की नाही व पाया किती खोल आहे हे कडेला खड्डा खणून पाहावे. लंडनच्या परिसरातील चिकणमाती उन्हाळ्यात आकसते व पावसात फुगते. तेथे उथळ पाया विशेष धोक्याचा.

दवाचा प्रश्न :

वीस अंश तापमानाच्या, साठ टक्के आर्द्रतेच्या हवेतील बाष्प बारा अंशांच्या पृष्ठभागावर दवरूपाने जमते. अशी हवा तक्त्यांच्या फटींतून वर सरकली, तर थंड फळीखाली पाणी साचून लाकूड कुजते, आणि ते वर्षानुवर्षे दिसत नाही. यास्तव बाष्परोधक पडदा फोमच्या खाली, म्हणजे उबदार बाजूसच हवा. वासे ॲल्युमिनियमचे असल्यास फोम केवळ त्यांच्यामध्ये भरून चालत नाही. वाशांच्या वरून वा खालून अखंड थर जावा लागतो, अन्यथा धातूच उष्णता बाहेर वाहून नेतो.

नियमांची बाजू :

जमिनीलगतचे, ३० चौरस मीटरपर्यंतचे, घरापासून बाह्य प्रतीच्या दाराने वेगळे केलेले व घराच्या तापनयंत्रणेशी न जोडलेले काचघर इंग्लंडच्या बांधकाम नियमांतून सामान्यतः मुक्त असते. छप्पर अपारदर्शक झाले की ही सवलत गृहीत धरता येत नाही. स्थानिक बांधकाम नियंत्रकांना पूर्वसूचना द्यावी लागते. जून २०२२ पासून विद्यमान घरावरील नव्या छपराच्या यू-मूल्याची मर्यादा ०.१५ आहे, आणि त्यासाठी उत्तम फोमही सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचा लागतो. पूर्तता-प्रमाणपत्र नसेल, तर घर विकतेवेळी खरेदीदाराचा वकील व्यवहार अडवून धरू शकतो. कंत्राटदारास शेवटचा हप्ता हे प्रमाणपत्र हाती आल्यावरच द्यावा.

आमच्या स्नेह्यांनी अखेर पोलादी कौले व दोन झरोके पसंत केले, मधले दार तसेच ठेवले, आणि काचा बदलण्याचे काम पुढील वर्षावर टाकले.