पाण्याचं माप

काचेच्या जाड भांड्यात ६० मिली राय व्हिस्की, ३० मिली ओलोरोसो शेरी आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन डॅश. साचा ‘मॅनहॅटन’चाच, गोड व्हर्मुथच्या जागी फक्त शेरी आली आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय धान्य लागतं. तिचा तिखटपणा त्याचाच. शेरी दक्षिण स्पेनमधल्या हेरेस परिसरातली. तिथली फिनो पिंपात यीस्टच्या सायीखाली मुरते, म्हणून फिकी राहते. ओलोरोसोचं अल्कोहोल मात्र १७ टक्के किंवा त्याहून वर नेतात. तिथे ती साय तग धरत नाही आणि वाइनला वर्षानुवर्षं हवा लागत राहते. तपकिरी रंग आणि अक्रोडाचा वास त्यातूनच येतो. वासावरून गोड वाटते, जिभेवर कोरडी निघते.

बर्फाआधी चमचाभर चाखलं. राय थेट नाकात चढली; शेरी आहे हे मुद्दाम शोधावं लागलं.

मग भांडं मोठ्या, कोरड्या बर्फाने भरलं. लांब चमच्याची पाठ काचेला टेकवून तो गोल फिरवायचा. बर्फ सगळा एकदम फिरला पाहिजे, आपटता कामा नये. हे ताक घुसळणं नव्हे; हवा शिरली की पेय गढूळ होतं. दहा सेकंदांनी घेतलेला घोट गार होता, पण धार तशीच. तिसाव्या सेकंदाच्या आसपास राय खाली बसली, आधी अक्रोड आला, मग मनुका, शेवटी बिटर्सचा मसालेदार कडवटपणा. त्याहून बरंच जास्त ढवळून पाहिलं, तर सगळं पांचट.

बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळून. फ्रीझरमधला उणे १८ अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्यावर येताना जेमतेम ९ कॅलरी उष्णता शोषतो, वितळताना ८०. म्हणजे गारवा हवा तर पाणी आलंच. इथल्या ९० मिलीत ते साधारण २० मिली मिसळतं. राय ४५ टक्क्यांची असेल, तर ३६ टक्क्यांचं मिश्रण तिशीच्या आत येतं.

कृतीत या पाण्याचा उल्लेख क्वचितच असतो, कारण ते मापून घालता येत नाही. जिभेने ठरवावं लागतं. एकदा ठरलं की बर्फ गाळून पेय थंड ग्लासात ओतायचं, वर संत्र्याची साल पिळायची. ग्लासात पुन्हा बर्फ टाकणाऱ्याने ढवळण्याची तसदीच घेऊ नये.