पाणी सातबाऱ्याला की माणसाला?

समाजवाद म्हणजे काय, असे तरुणांनी विचारले की आम्ही येरळा नदीवरचे बळीराजा धरण दाखवतो. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला. ठरले असे, की पाण्याचा समान वाटा प्रत्येक घराला, भूमिहीनालाही. जमीन नसलेल्याने वाट्याने शेती करावी. पाणी त्याचे असल्याने तो हात जोडून जात नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली शेतजमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामुदायिक मागितली, तीही कुणी भूमिहीन राहू नये म्हणूनच. श्रमिक मुक्ती दलाने समान पाणीवाटपाची मागणी सातारा-सांगलीत लावून धरली. एरवी कालव्याचे पाणी सातबारा बघून मिळते. आपल्या वस्तीत सातबारा किती घरांकडे आहे?