एका खेळाची नांदी

आमच्या वाचकांपैकीं जे पालक १९९० नंतरच्या दशकांत लहान होते, त्यांस दूरदर्शनच्या संचास जोडावयाची ती छोटी पेटी आठवत असेल. तींत कॅसेट खोंचली कीं लाल टोपीचा, मिशाळ मारिओ पडद्यावर उभा राही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या या पेट्या बहुधा मूळ जपानी यंत्राच्या नकला असत. खेळ मात्र तोच होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ निन्टेन्डो कंपनीनें सप्टेंबर १९८५ मध्यें जपानांत प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोटो व ताकाशी तेझुका यांनीं तो रचिला आणि कोजी कोन्दो यांनीं त्यास संगीत दिलें. त्याचा पहिला भाग पुष्कळांस अद्याप तोंडपाठ आहे. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करूं.

आरंभीं मारिओ पडद्याच्या डाव्या अंगास, उजवीकडे तोंड करून उभा असतो. पुढें सारी जागा मोकळी. कोणीकडे जावें हें कोणी सांगत नाहीं, व सांगण्याची गरजही पडत नाहीं. चार पावलें गेलें कीं प्रश्नचिन्हाची एक चकाकणारी पेटी अधांतरीं दिसते, आणि समोरून गूम्बा नांवाचा एक कपाळास आंठ्या घातलेला बुटका प्राणी संथपणें चालत येतो. त्यास धडकलें तर प्राण जातो. पण वायां जातात ते केवळ कांहीं क्षण. उडी मारली तर एकतर तो पायाखालीं चिरडतो, किंवा डोकें पेटीवर आपटून खणकन् नाणें निघतें. एका उडीनें दोन गोष्टी कळल्या!

याच्या पुढची योजना आम्हांस सर्वांत अधिक आवडते. दुसऱ्या एका पेटींतून अळंबें निघतें. त्याचा आकार गूम्बासारखा, म्हणून नवखा खेळाडू त्यास भितो. तें उजवीकडे घरंगळत जातें, हिरव्या नळावर आपटतें आणि उलट आपल्याच अंगावर येतें. खेळाडू घाबरून उडी मारतो. परंतु वर विटांची रांग आहे, तिला डोकें लागून तो बहुधा त्या अळंब्यावरच पडतो, आणि मारिओ मरण्याऐवजीं दुप्पट उंच होतो. ज्यापासून पळावयाचें तेंच हितकर ठरलें, ही गोष्ट एकदां घडली कीं जन्मभर विसरत नाहीं. हा सारा बेत जाणूनबुजून केलेला होता, हें मियामोटो यांनीं स्वतः सांगितलें आहे. पुढें समोरासमोरच्या पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीमध्यें जमीन आहे, दुसरीमध्यें खोल खड्डा. पहिल्या ठिकाणीं उडी चुकली तर कांहींच बिघडत नाहीं; दुसऱ्या ठिकाणीं तीच उडी प्राणांवर बेतते.

आश्चर्य असें कीं, हा आरंभीचा भाग कामाच्या अखेरीस रचण्यांत आला. गूम्बाही मागाहून आला. आधीं कासवें होतीं. परंतु त्यांस उडी मारून दाबावें व मग लाथाडावें, हें नवशिक्यास जड जाई. शिवाय जागा फार थोडी. सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला. म्हणून आकाशांतील ढग व जमिनीवरील झुडुपें हें एकच चित्र आहे, फक्त रंग निराळा. (हें कळल्यावर आम्हांस त्या झुडुपांकडे पूर्वीसारखें पाहतां येत नाहीं.)

खेळांत एकंदर ३२ टप्पे आहेत, आणि हातीं मिळतात तीन प्राण. ते सरले कीं सामान्यतः पुन्हां आरंभापासून. म्हणजे तोच पहिला भाग शेंकडों वेळां खेळावा लागतो. तेथें नियमांची लांब पाटी लाविली असती तर दहाव्या खेपेस तिचा वीट आला असता. उलट, जाणत्यासाठीं तेथें गुप्त वाटा ठेविल्या आहेत: एका नळांतून खालीं उतरलें तर नाण्यांनीं भरलेलें तळघर, एका न दिसणाऱ्या पेटींत एक जादा प्राण, आणि शेवटच्या निशाणाच्या काठीचा माथा गांठला तर ५००० गुण. नवख्यास जो धडा वाटतो, तो सरावलेल्यास धांवण्याची शर्यत वाटतो.

आम्ही शिकविण्याच्या व्यवसायांतले. जून महिन्यांत पहिल्याच तासास फळा भरून नियम लिहावयाचे, ही आमची अनेक वर्षांची रीत. ते नियम जुलैंत कोणास आठवत नसत, आणि दोष आम्ही मुलांच्या माथीं मारीत असूं.

गेल्या दिवाळींत आमच्या मावशीच्या हातीं हा खेळ दिला. तिनें असें कांहीं पूर्वीं हातीं धरिलें नव्हतें, व मुलांच्या या नादाविषयीं तिचें मत फारसें चांगलें नव्हतें. पहिल्या गूम्बानें तिचा बळी घेतला. आम्ही समजावून सांगण्यास तोंड उघडलें, तों तिनें हातानेंच गप्प केलें. दुसऱ्या खेपेस ती त्याच्यावरून उडी मारून गेली. खड्ड्यांत तिसरा प्राण गेला तेव्हां भाजी फोडणीची राहिली होती, तरीही ती म्हणाली, "अरे, पुन्हां पहिल्यापासून लाव पाहूं."