पिकअपच्या ई.जी.आर. कूलरची गळती

वरवट बकालचा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील विहिरींचे खारे पाणी पिकांप्रमाणे पिकअपच्या इंजिनासही मानवत नाही.

डिझेल इंजिनातील धुराचा काही भाग ई.जी.आर. कूलरमध्ये निवून पुन्हा इंजिनात जातो. त्यायोगे ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी होतात. कूलरच्या बारीक नळ्यांत धूर, भोवती पाणी. रेडिएटरमध्ये खारे पाणी घातल्यास नळ्यांवर क्षार साचतात, तेथे धातू फाजील तापतो व कालांतराने छिद्र पडते.

जमिनीवर थेंबही न पडता कूलंट घटत असेल आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलरचा संशय घ्यावा. थंडीच्या पहाटे क्षणभर दिसणारी वाफ निराळी. हेड गॅस्केट गेल्यासही हीच लक्षणे दिसतात. म्हणून हेड उघडण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी कूलर तपासावा. इंजिन पूर्ण निवल्यावर कूलरची धुराची नळी सोडावी व रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब हातपंपाने द्यावा. धुराच्या मुखातून पाणी पाझरले की निदान पक्के.

फुटका कूलर डाग लावून वापरू नये. नवा बसविताना गॅस्केट नवेच घ्यावे, झडपेतील ओली काजळी काढावी, उत्पादकाने सांगितलेले कूलंट भरावे व आतील हवा काढून टाकावी.

तोवर शेगावपर्यंत कापसाची आणखी एक खेप मारण्याचा मोह आवरावा. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी उतरले असल्यास ते दाबले जात नाही. सकाळी चावी फिरविताच कनेक्टिंग रॉड वाकतो.