बॅटरी मेली की चार्जरने मारली?

लाईट गेल्यावर ज्यांच्या घरी पंखा फिरत राहतो त्यांनी आज लक्ष देऊन ऐका. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनीही ऐका, गटाच्या पैशातून घ्यायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

आमच्या गटाचं शिवणकेंद्र आहे. तिथल्या जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांत बसली. दुकानदार म्हणाला, माल खराब निघाला. आम्ही गटातून उचल घेऊन नवी आणली. ती दीड वर्षातच बसली. तिसरीसाठी बैठकीत विषय निघाला, तेव्हा आमच्या एक थोरल्या बाई म्हणाल्या, "दोन सुना नांदल्या नाहीत, आता जरा घराकडे बघा की!"

सगळ्या हसलो, पण बोलणं खरं होतं. बॅटरीचं घर म्हणजे तो इन्व्हर्टरचा डबा. तो दोन कामं करतो. लाईट गेली की बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज घेऊन तिची २३० व्होल्टची एसी करतो. हे काम आपल्याला दिसतं. दुसरं काम लाईट असताना चालतं. तारेतली २३० व्होल्टची वीज उतरवून, एसीची डीसी करून तो बॅटरी भरत असतो. हाच चार्जर. बॅटरी किती वर्षं टिकणार ते बरंचसं याच्या हातात असतं.

आपण हंडा कसा भरतो? आधी नळ पूर्ण सोडतो, गळ्याशी पाणी आलं की बारीक करतो. चांगला चार्जर तसंच करतो. भरताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत दाब नेतो आणि ती भरली की १३.५ ते १३.८ वर उतरून नुसती राखण करतो. जुन्या साध्या चार्जरला ही अक्कल नसते. काही चार्जर भरलेल्या बॅटरीवरही तोच मोठा दाब ठेवतात. मग आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडून उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात. काहींचं उलट असतं. गावात व्होल्टेज पडलं की त्यांचंही बळ जातं. बॅटरी रोज अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर कडक पांढरा थर धरतो. दोन्हीकडून मरण बॅटरीचंच. अमेरिकेत लोक मोटरहोम घेऊन हिंडतात, म्हणजे चूल-बिछान्यासकट चाकावरचं घर. तसल्या जुन्या गाड्यांतही एकाच दाबाच्या चार्जरपायी बॅटऱ्या अशाच आटतात.

हे ओळखायला एक साधा डिजिटल मीटर लागतो. काहीशे रुपयांत मिळतो, गटात एक पुरे. त्याचा काटा डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, लाल वायर अधिकला, काळी वजाला. दिवसभर लाईट राहिली की संध्याकाळी, लाईट चालू असतानाच माप घ्या. साडेतेराच्या आसपास आलं तर ठीक. बॅटरी भरूनही आकडा साडेचौदाच्या वर अडकला असेल, बॅटरी हाताला गरम लागत असेल, तर चार्जर जास्त भरतोय. लाईट असून आकडा साडेबाराच्या पुढे जात नसेल तर तो भरतच नाही. आमच्याकडे आला १५.१! आणि दोष दिला होता बॅटरीला.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा हा आकडा सांगा. "बॅटरी टिकत नाही" म्हटलं की तो नवी बॅटरीच सुचवणार. काही इन्व्हर्टरना मागे बॅटरीच्या जातीप्रमाणे बदलायचं बटण असतं, ते बरोबर जागी आहे का तेही विचारा.

आता पाणी. महिन्यातून एकदा बघा, खुणेखाली गेलं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं नको, फिल्टरचं नको, उकळून गार केलेलंही नको, कारण त्यातले क्षार आतच राहतात. अ‍ॅसिड तर कधीच घालू नका.

या कामाला बसताना हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या काढा, मंगळसूत्र पदरात नीट खोचा. दोन टर्मिनलांना धातू एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. मी एका घरी देव्हाऱ्याखालीच बॅटरी पाहिली, वर समई तेवत होती! ती जागा आधी बदला. बॅटरी हवेशीर ठिकाणी, मुलांच्या हाताबाहेर हवी. अंगावर किंवा डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

शिवणकेंद्राच्या इन्व्हर्टरवर आता इस्त्री लावत नाही. इस्त्री हजार वॅटची, आमचे पंखे-दिवे मिळून दीडशेचे. यावरून आधी बरंच भांडण झालं, ते इथे सांगत नाही.

शेवटी आम्ही डबाच बदलला आणि मग बॅटरी घेतली. जुनी भंगारवाल्याला फोडायला दिली नाही. आत शिसं असतं, ते विषारी. बॅटरीच्या दुकानातच परत केली, तिचे पैसे नव्या बिलातून वजा झाले. मीटर भिंतीवर खिळ्याला टांगलाय आणि दर सोमवारचं माप हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहितो. या सोमवारी १३.६ होतं.