जुन्या इंजिनाचें नवें अस्तर

१९१७ सालीं अमेरिकेंत डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड यांचा ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर तयार होऊं लागला. त्याच्या इंजिनाचे चारी सिलिंडर एकाच लोखंडी ठोकळ्यांत ओतलेले असून प्रत्येकाचा व्यास ४ इंच होता. असा झिजलेला ठोकळा पुन्हां कामाला कसा लावावयाचा?

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. दट्ट्याचें वरचें कडें जेथून परत फिरतें, तेथें दाब व उष्णता अधिक आणि तेलाचा थर विरळ. म्हणून झीज तेथेंच सर्वांत जास्त. शिवाय दट्ट्या कडेला रेटला गेल्यानें भोंक लंबवर्तुळ होतें. झीज फार झाली, कीं भोंक यंत्रावर मोठें करून त्यांत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवितात.

खरी परीक्षा येथेंच आहे. नळी भोंकापेक्षां इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनीं मोठी असावी लागते. सैल राहिली तर तिची उष्णता ठोकळ्यांत उतरत नाहीं. फार घट्ट झाली तर जुना ठोकळा तडकूं शकतो. दाबल्यानें नळी किंचित् आवळते. म्हणून तिचें आंतील माप बसविल्यानंतरच पुरें करतात. आधीं कातून, मग घांसणीच्या दगडांनीं. त्या दगडांच्या एकमेकींस छेदणाऱ्या रेघांत तेल टिकतें. शेवटीं साबणाच्या गरम पाण्यानें सिलिंडर धुवावाच लागतो. नाहीं तर उरलेली धूळ नवी नळीहि खाऊन टाकते.

अमेरिकेंत हा ट्रॅक्टर १९२८ सालींच बनावयाचा थांबला, आणि कापलेलें लोखंड परत जोडतां येत नाहीं. म्हणून जाणता कारागीर कापण्यापूर्वीं दहादां मोजतो.