पावणं, खाली बघा!

कोकणातल्या कट्टा गावाहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाचं काम ठरलेलं असतं. दवाखाना, लग्नाचा बस्ता, नाहीतर अंबाबाई. कसाल, कणकवली, फोंडा करत गाडी घाट चढते, वर दाजीपूर लागतं आणि मागे पडतं. गवा बघायला तिथं उतरणार कोण? कोकणात तो ऐकून माहीत आहे तो रात्रीतून केळी आणि भात तुडवून जाणारं जनावर म्हणून.

मी मुद्दाम उतरलो, पहाटेच्या जीपमध्ये बसलो आणि जनावर दिसेल म्हणून झाडीत डोळे ताणू लागलो. स्थानिक गाईडने गाडी थांबवली, इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, "पावणं, खाली बघा. वर काय बघताय?"

त्याचं सगळं काम जमिनीवरचं. धुळीत उमटलेल्या खुरावर दव साचलं असेल तर जनावर रात्रीच गेलं. दव मोडून खूर उमटला असेल तर ते जवळपास आहे. शेणावर सुकून पापुद्रा धरला आहे की ते अजून ओलं आहे, हे तो काडीने बघतो. कारवीचं खुडलेलं टोक चिमटीत धरून ओल तपासतो. मग चिमूटभर माती हवेत सोडतो. गव्याचं नाक तिखट, वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर पुढचं सगळं फुकट. हे चालू असताना बोलायचं नाही. मोबाईलवरच्या गाण्याला तर तो डोळ्यांनीच गप्प करतो.

सड्याच्या कडेला कळप दिसला. पुढे म्हातारी गाय, मागे बाकीच्या, मधे तांबूस वासरं, सगळ्यांच्या गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. नर मात्र थोड्या अंतरावर एकटाच. खांद्याला माणसाएवढा उंच, वजन टनाच्या आसपास. तो वळून आडवा उभा राहिला. मला वाटलं, फोटोसाठी छान. गाईडने जीप हळूच मागे घ्यायला सांगितली. आडवा उभा राहून गवा आपलं अंग दाखवतो, म्हणजे समोरच्याने निमूट बाजूला व्हायचं असतं.

हे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. 1958 साली दाजीपूर अभयारण्य जाहीर झालं, 1985 मध्ये हद्द वाढली आणि आज राधानगरी अभयारण्य या नावाने ते 351 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. पण ते टिकतं हाताच्या कामावर. उन्हाळ्याआधी वनमजूर पट्टे आखून गवत कापतात आणि स्वतःच जाळून जाळरेषा काढतात, म्हणजे पुढचा वणवा तिथं अडतो. पाणवठ्यांतला गाळ उपसणं आलंच.

दुपारी कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलो. भुसा भरलेली जनावरं, भिंतीवरची शिंगं आणि काचेचे डोळे. सकाळी जिवंत गवा पाहिलेल्या माणसाला तिथं फार वेळ थांबवत नाही. रंकाळ्यावर मिसळ बरी.

अलीकडे गवाच शहरात येतो. डिसेंबर 2020 मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये आलेला गवा गर्दीच्या पाठलागात आणि पकडापकडीत मेला. पुढच्या वर्षी कोल्हापुरातही गवा शिरला. दोन्हीकडे मोबाईल घेऊन धावणारे होते. गाईडने सकाळी केलं ते, म्हणजे इंजिन बंद, तोंड बंद आणि मागे सरकणं, त्यांतल्या निम्म्यांनी जरी केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

तेव्हा तुमच्या बागेत गवा आलाच तर फटाके लावून त्याला सैरावैरा पळवू नका. वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याला फोन करा. आणि कोल्हापूरला जायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच निघा, दाजीपुरात मुक्काम करा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, तेव्हा आधी चौकशी करा.